शनिवारचं दर्शन

सुटीवरून कामावर परतलेल्या माणसाला आबा "कसा आहेस?" असं कधी विचारत नसत. ते हाताची उलटी बाजू त्याच्या मानेला लावत, डोळे बारीक करून जरा वेळ थांबत आणि निकाल देऊन टाकत, "आज संध्याकाळे हुडहुडी भरी तुले. घोंगडी काढी ठेव." आणि संध्याकाळी त्या माणसाला खरोखर हुडहुडी भरे.

"सुटी बाधस, भो," आबा दुसऱ्या दिवशी त्याला सांगत. "काम कोनलेच बाधत नही."

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याचं म्हणणं साफ चुकीचं असतं पण दर वेळी खरं ठरतं. अशा माणसाशी वाद घालून काही उपयोग नसतो. मी घालून पाहिला आहे.

आमचा कारखाना जळगावच्या एमआयडीसीत, पार मागच्या बाजूला. पितळी तोट्या आणि व्हॉल्व्ह बनतात. मी तिथे पॅकिंगला, आबा भट्टीवर. शिवाय मेहरूणमध्ये त्यांचं घर आमच्या घरासमोर, त्यामुळे कामावरचे आबा आणि ओट्यावरचे आबा असे दोन्ही मी भरपूर पाहिले. गाव त्यांचं पारोळ्याकडचं. अंगाने उंच आणि सडसडीत. भुवया जवळजवळ नव्हत्याच, त्या भट्टीच्या धगीने कधीच जळाल्या होत्या. त्यामुळे चेहरा कायम नुकतंच काहीतरी ऐकून चकित झाल्यासारखा दिसे.

भट्टीवरचं काम म्हणजे असं. मुशीत तांबं आणि भंगारातलं पितळ वितळलं की त्यात जस्त सोडायचं. जस्त पडलं की भसकन पांढरा धूर उठतो आणि त्या धुराचे हलके पुंजके शेडभर तरंगत राहतात, जिनिंगमध्ये कापूस उडतो तसे. आम्ही त्याला कापूसच म्हणायचो. कापूस केसांत बसे, जेवणाच्या डब्यात बसे, श्वासाबरोबर आत जाई. धूर बाहेर ओढणारा पंखा भट्टीवर नव्हता, अजूनही नाही. मालक त्याऐवजी रोज प्रत्येकाला गुळाचा खडा आणि एक केळं देत. घसा साफ राहतो म्हणे. जळगावात केळ्यांना काय तोटा!

या कापसाची एक तऱ्हा होती. नवीन माणूस पहिल्यांदा भट्टीवर उभा राहिला की संध्याकाळपर्यंत त्याच्या तोंडाला गोडसर चव येई, अंग मोडून येई आणि मग दात वाजेपर्यंत थंडी भरे. रात्रीतून घाम फुटून सकाळी गडी पुन्हा ताजातवाना. पुढे रोज धुरात उभं राहिलं तरी काही होत नसे. पण शनिवारची साप्ताहिक सुटी झाली की रविवारी संध्याकाळी ताप ठरलेला. लग्नकार्यासाठी गावी जाऊन आलं तरी तेच.

मी एकदा आबांना म्हटलं, "आबा, हा ताप धुराचा आहे."

आबांनी माझ्याकडे पोरवयातल्या मुलीकडे बघावं तसं बघितलं. "धूर तं रोज राहस, माय. मंग ताप रोज का येत नही? सुटी घेतली तवयच का येस?"

शेजारी उभे असलेले सगळे हसले आणि त्या दिवशी मी हरले ती हरलेच.

आबांनी मग सुटी घेणंच सोडलं. अगदीच टाळता येत नसेल तिथे ते कामाचा शर्ट बरोबर नेत, न धुतलेला. कापूस बसून बसून तो शर्ट पत्र्यासारखा कडक झालेला असे. मुलीच्या लग्नात नव्या झब्ब्याच्या आत त्यांनी तोच शर्ट घातला होता, आणि उन्हाळ्याच्या लग्नात मुलीचा बाप इतका का घामाघूम झाला आहे ते व्याह्यांना कळेना. त्यांनी तीन वेळा सरबत पाजलं. एकदा अक्काने, म्हणजे त्यांच्या बायकोने, हट्ट धरून त्यांना वणीच्या गडावर नेलं. एसटीत बसल्यावर आबांनी पिशवीतून शर्ट काढला, तोंडाला लावला आणि दीर्घ श्वास घेतला. शेजारचा प्रवासी घाबरून म्हणाला, "काका, हे काय ओढताय?" आबा म्हणाले, "दवाई शे. लेवानी का?" तो माणूस उठून ड्रायव्हरच्या मागे जाऊन बसला.

"हाई शर्ट मन्ही सवत शे," अक्का मला सांगायची. "हात लावू देत नही, धवू देत नही. मरशी तवय संगे ली जा, सांगस मी त्यासले."

हे सगळं घरापुरतं राहिलं असतं तर मी आजही हसून सांगितलं असतं. पण आबा भट्टीवरचे सगळ्यांत जुने. ओतकाम शिकायला येणारा प्रत्येक जण त्यांच्याच हाताखाली तयार होई, आणि ते मायेने शिकवत. मुशीत जस्त कसं सोडायचं, रस साच्यात कुठे संथ ओतायचा, याबरोबर सुटी कशी टाळायची तेही शिकवत. कारखान्याला शनिवारी सुटी असली तरी एक भट्टी चालू ठेवलेली असे. आबांनी भट्टीवरच्या सगळ्यांना सवय लावली, की शनिवारी सकाळी आंघोळ करायची, मारुतीला तेल वाहायचं आणि येता येता कारखान्यात डोकावून भट्टीपाशी जरा वेळ उभं राहायचं. जस्त पडलं, धूर उठला, छातीभर घेतला की घरी. याला ते दर्शन म्हणत. दर्शन घेतलेल्याला रविवारी ताप येत नसे. इस्त्रीचे कपडे घालून, कपाळाला शेंदूर लावून गडी त्या पांढऱ्या धुरात रांगेने उभे राहिलेले मी स्वतः पाहिलेत.

मालकांना हे फार आवडलं. एका कामगार दिनाला त्यांनी आबांचा शाल-नारळ देऊन सत्कार केला. "आबांनी इतक्या वर्षांत आजारपणाची रजा घेतलेली नाही, त्यांच्याकडून शिका," असं भाषण केलं. आबांनी शाल घेतली आणि तसेच भट्टीवर गेले. त्या दिवशी इतर सगळ्यांना सुटी होती.

साक्रीकडचा एक ओतारी होता आमच्याकडे. अंगाने बारीक, बोलायला गरीब. आबांनी त्याला हाताला धरून तयार केलं होतं, आणि स्वतःला मुलगा नसल्यामुळे असेल, ते त्याला 'अंडोर' म्हणत. मुलाला म्हणतात तसं. तो भरल्या वयात धापा टाकायला लागला. तोट्यांचं खोकं भट्टीपासून आमच्या टेबलापर्यंत आणताना मध्ये दोनदा टेकायचा. कुठल्याशा डॉक्टरने त्याला धुरापासून लांब राहायला सांगितलं. त्याने मालकांकडे पंखा मागितला. मालक बघू म्हणाले. त्याने पुन्हा मागितला, मालक पुन्हा बघू म्हणाले. मग या गरीब माणसाने कुठून बळ आणलं कोण जाणे, त्याने सरकारी कार्यालयात तक्रार केली आणि एक दिवस चौकशीला साहेब आले.

साहेबांनी भट्टीवरच्या सर्वांत अनुभवी माणसाला बोलावलं. मी तेव्हा चहाचे कप घेऊन केबिनमध्ये होते, त्यामुळे पुढचं सगळं माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

"आबा, तुम्हाला या धुराचा काही त्रास?"

"नाही साहेब."

"ताप वगैरे?"

"सुटी घेतली तर येतो. कामावर असलो तर नाही येत." आबा साहेबांशी शाळेतल्यासारखं शुद्ध बोलायचा प्रयत्न करत होते.

"म्हणजे कामावर असताना तब्येत चांगली राहते?"

"एकदम. कामानेच मी बरा आहे." मध्येच त्यांना खोकल्याची उबळ आली. साहेबांनीच पाण्याचा ग्लास पुढे केला.

साहेब मालकांकडे बघून हसले, मालकही हसले. एवढ्या धुरात उभा राहिलेला माणूस स्वतःच्या तोंडाने सांगतो आहे, आणि वर त्याचा कामगार दिनाचा सत्कार झालेला आहे. आणखी काय हवं? पंख्याचा विषय त्या चहाबरोबर संपला.

साक्रीवाला बाहेर उभा होता. "आबा, तुमीन बी?" एवढंच म्हणाला.

"खोटं कसं बोलू, भो?" आबा म्हणाले. ते खरंच खोटं बोलले नव्हते, आणि याचाच मला आजवर संताप येतो. लाच खाऊन बोलले असते तर शिव्या तरी मनमोकळ्या देता आल्या असत्या.

साक्रीवाला काम सोडून गावी गेला. थंडी सरता सरता तो वारल्याचा निरोप आला. त्या बातमीनंतर आबा भट्टीपुढे उभे होते आणि त्यांचे डोळे वाहत होते. मी जवळ गेले तर म्हणाले, "धूर लागना." त्याच्या दहाव्यालाही ते साक्रीला गेले नाहीत. जायचं म्हणजे सुटी घ्यावी लागली असती.

पुढे आबांचाच दम कमी व्हायला लागला. तलावापर्यंत फिरायला जाणारे आबा गल्लीच्या तोंडाशी थांबू लागले, मग ओट्यावरच. आमच्या भागातल्या डॉक्टरने टीबी ठरवून गोळ्या दिल्या. आबांनी त्या नेमाने खाल्ल्या. गोळ्यांनी लघवी लाल झाली, दम होता तसाच राहिला. एके दिवशी ओतताना रस साच्याबाहेर सांडला, आणि मॅनेजर गोड आवाजात म्हणाले, "आबा, आता घरी आराम करा." शाल वगैरे या वेळी नव्हती.

घरी बसल्यावर ते झपाट्याने खालावले. छातीच्या अशा दुखण्यात ते तसंही होणारच होतं. पण गल्लीने आणि कारखान्याने एकमुखाने ठरवलं, की भट्टीवर होता तोवर माणूस धडधाकट होता, घरी बसला आणि झोपला. आबांचंही तेच मत. ते अक्काच्या विनवण्या करत, "माले भट्टीपाशी लई जाईसन बसाडा. बरं वाटी माले."

शेवटी अक्का आणि मी त्यांना धुळ्याला मोठ्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो. तिथल्या डॉक्टर बाई वयाने लहान होत्या, पण त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "काम काय करायचात?" तोवर हे कोणी विचारलंच नव्हतं. बिडी ओढता का, एवढं मात्र सगळ्यांनी विचारलं होतं. आबांनी आयुष्यात बिडीला हात लावला नव्हता.

छातीचे फोटो काढले, नळीत फुंकायला लावलं. मग त्या बाई स्टूल ओढून आबांच्या समोर बसल्या. "आबा, तो ताप धुराचाच होता. रोज धूर घेतला की शरीर सरावतं आणि ताप देत नाही. एक-दोन दिवस खंड पडला की सराव मोडतो, म्हणून परत आल्यावर पुन्हा ताप येतो. ताप यायचा थांबला म्हणजे धूर आत जायचा थांबला असं नाही. भंगारातले सगळे धातू, साच्याच्या वाळूची धूळ, हे इतकी वर्षं आत जात राहिलं. आता फुप्फुसं कडक झाली आहेत. ती पूर्वीसारखी होणार नाहीत."

माझी खात्री होती, ते विचारतील, मी किती जगेन. त्यांनी विचारलं, "आन् शनिवारे ज्या पोऱ्या येतस, त्या?"

बाईंना समजलं नाही. मी दर्शनाची सगळी हकिगत सांगितली. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "त्यांना थांबवा," त्या म्हणाल्या. "आजच थांबवा."

परतीच्या एसटीत आबा खिडकीपाशी बसले होते. स्वतःचं गाव जवळ आलं की ते नेहमी शेतं दाखवत, कोणाची कुठली ते सांगत. त्या दिवशी पारोळा आलं आणि गेलं. बऱ्याच पुढे आल्यावर ते म्हणाले, "त्या साक्रीना पोऱ्यानं खरं सांगं व्हतं, माय. मी त्याले खोटं पाडं." आणि मग एसटीतल्या सगळ्यांच्या देखत ते मोठ्याने रडले. रडायलाही त्यांना दम पुरत नव्हता. अक्काने पदराने त्यांचं तोंड पुसलं, आणि मला काय करावं ते सुचेना म्हणून मी त्यांच्या पायांजवळची पिशवी उगाच इकडून तिकडे ठेवली.

त्यानंतर आबांना एकच काम उरलं. भट्टीवरच्या सगळ्यांना त्यांनी घरी बोलावलं. ते आले. आबांनी बोलावल्यावर न येण्याची कोणाची छाती नव्हती. अक्काने पोहे केले. आबा दोन शब्द बोलत, थांबत, पुन्हा दोन शब्द बोलत. राहिलेलं मी बोलले. डॉक्टर बाईंनी सांगितलं होतं तसंच, एकेक गोष्ट सुटी करून सांगितली. सगळ्यांनी माना डोलावल्या, पोहे संपवले, आबांच्या पाया पडले.

बाहेर गल्लीत त्यांतला एक जण मला म्हणाला, "ताई, घरी बसून बसून आबांच्या डोक्यावर परिणाम झाला हो. सुटी बाधली त्यांना."

"अरे, डॉक्टरांनी सांगितलंय!"

"मग दर्शन घेतलं की ताप येत नाही, हे खोटं आहे का?"

"खोटं नाही, पण..."

"मग झालं तर. आबांनी स्वतः इतकी वर्षं केलं."

"आणि त्यांचं काय झालं ते दिसतंय ना तुला?"

"ते कामावरून गेल्यावर झालं, ताई," तो समजूत काढल्यासारखं म्हणाला. पायातली चप्पल काढून त्याच्या तोंडावर मारावी असं मला झालं. पण हे शहाणपण त्याचं नव्हतं. ते त्याला आत खाटेवर पडलेल्या माणसाने दिलेलं होतं, आणि इतकं चांगलं शिकवलेलं होतं की आता ते परत घेता येत नव्हतं.

आबा गेले त्याच्या आधीचा शनिवार. सकाळीच अक्का मला बोलवायला आली. आबा शर्ट घालून, केस विंचरून खाटेवर बसले होते. "कारखानामा जावानं शे," म्हणाले. आम्ही दोघींनी किती सांगून पाहिलं. शेवटी रिक्षा आणली आणि घरातली प्लास्टिकची खुर्ची बरोबर घेतली.

सुटीच्या दिवशी कारखान्याचं मोठं फाटक बंद असतं, फक्त त्यातलं छोटं दार उघडं असतं. आबांनी खुर्ची त्या दारात मांडायला लावली. अगदी आडवी. त्यात बसले आणि दोन्ही हात चौकटीला लावले. वॉचमन बिचारा नुसता "आबा, आबा" करत राहिला.

मग एकेक जण यायला लागला. इस्त्रीचे कपडे, कपाळाला शेंदूर. आबांना बघून थबकत, नमस्कार करत आणि बाजूला उभे राहत. आबा कोणाशी बोलले नाहीत. बोलण्याइतका दम नव्हताच. नुसती मान हलवत होते, नाही, नाही. आठ-दहा जण गोळा झाले. मला वाटलं, आज जिंकले आबा. यांना ओलांडून कोण जाईल?

तेवढ्यात आत जस्त पडलं. शेडवरून पांढरा धूर उठला. सगळ्यांनी वर पाहिलं, आणि मग एकमेकांकडे.

"आबांना ऊन लागतंय," कोणीतरी म्हणालं.

चौघे पुढे झाले आणि त्यांनी आबांना खुर्चीसकट उचललं. अगदी सांभाळून. एकाने चौकटीवरचे त्यांचे हात सोडवले, एकाने पाय घासू नयेत म्हणून पाय धरले. समोर निंबाचं झाड आहे, त्याच्या सावलीत नेऊन ठेवलं. एकाने पाणी आणलं, एकाने आपला रुमाल ओला करून त्यांच्या डोक्यावर टाकला. मग सगळे एकामागून एक आबांच्या पाया पडले आणि वाकून छोट्या दारातून आत गेले.

आबांनी मला खुणेने जवळ बोलावलं. "माले... तठेच ली चाल."

अक्काने आणि मी खुर्ची उचलली. दोघी बायकांना उचलता यावेत इतके ते हलके झाले होते. रस्ता ओलांडून फाटकाशी आणून ठेवलं, तोवर वॉचमनने छोटं दार लावून आतून कडी घातली होती.

आबांनी दार वाजवलं. आत भट्टीचा आवाज होता. कोणाला ऐकू गेलं नाही.